कामाचे नमुने

बारा नमुने आणा, म्हणाल्या घोडबंदर रोडच्या ऑफिसातल्या बाई,
बारा पुरेत, पण स्वतः केलेले.
मी मनात मोजायला लागले:
अकरा वर्षं, रोजचे निदान चार,
निवडणुकीत तर मोजदादच नाही,
आणि हातात एकही नाही.

वागळे इस्टेटला घुलेशेठ रोज संध्याकाळी डेस्कटॉप साफ करायचे.
फाईल गिऱ्हाइकाची, म्हणायचे, आपला फक्त माऊस.
चोरून ठेवलेली डिस्क उघडली
तर जुना फॉन्ट नव्या मशीनला ओळखेना,
चि. सौ. कां.च्या जागी डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं,
टोप्या घातलेले ए.
एवढी लग्नं लावली मी,
एकही वाचता येईना.

मग मोबाईल घेऊन पायीच निघाले.

किसननगरच्या खानावळीत मेनूकार्ड अजून माझंच,
फक्त थाळीच्या दरावर चिकटपट्टी, तिच्यावर चिकटपट्टी.
नखाने खरवडलं.
एकशे चाळीस, खाली एकशे दहा, खाली नव्वद,
आणि पार तळाशी माझे सत्तर,
किंचित उजवीकडे झुकलेले.
मालक म्हणाला, ताई, गिऱ्हाईक बघतंय.

उथळसरला डॉक्टर मुणगेकरांचा दातांचा बोर्ड.
लाल उडतो आधी, मग पिवळा. निळा तेवढा टिकतो.
हसणाऱ्या बाईचे ओठ निळे, हिरड्या निळ्या.
काढला फोटो.
हे मी केलेलं म्हणायचं की उन्हानं?

राबोडीत नासिरभाईंनी अत्तराच्या कुपीवरचं लेबल दाखवलं,
नखाएवढं, फुंकर मारून.
म्हणाले, तुझ्या लेबलामुळे माल खपला असं नाही,
पण बदललं असतं तर खपला नसता.
एवढी तारीफ मला अकरा वर्षांत कुणी केली नव्हती.

कळव्याला जायचं टाळत होते.

कै. निनाद वायंगणकर, सहा बाय चार.
कुंदाताईंनी फ्लेक्स दिवाणाच्या पोटातून काढला,
घड्यांत टाल्कम पावडर, चिकटू नये म्हणून.
अंथरायला सोफा सरकवावा लागला,
तरी ‘शोकाकुल’ची ओळ स्वयंपाकघरात गेली.
मी खुर्चीवर चढून मोबाईल धरला.
त्या म्हणाल्या, डाव्या खांद्यावरच्या चौकटी बघ गं.
जुळत नाहीत.

बघितल्या. एक रेघ दोन सूत खाली.

चार वर्षं बघते, म्हणाल्या. इथे काहीतरी होतं.

होतं. हात होता.
मित्राने पाठवलेल्या ग्रुप फोटोतून कापला होता त्याला.
रात्रीचे साडेनऊ, सकाळी सातला नाक्यावर लावायचा,
खांद्यावर कुणाचा तरी हात, हिरव्या काचेची बांगडी.
मी शेजारच्या चौकटी उचलून त्यावर पसरल्या
आणि डबा उघडला.

हिरवी बांगडी म्हटल्यावर त्या उठल्या.
चहा ठेवला.
साखर दोनदा पडली. मी प्यायले.

मूळ फोटो डिस्कवर सापडला.
फोटोला फॉन्ट लागत नाही.
चार बाय सहा, ग्लॉसी, नेऊन दिला.
त्यांनी मोजून वीस रुपये हातावर ठेवले,
नको म्हटलं तर रागावल्या.

आता फाईल तयार आहे.
प्रत्येक नमुन्याखाली लिहायचं असतं:
माध्यम, माप, तुमचं नेमकं काम.
खानावळीखाली लिहिलं, मांडणी. अत्तराखाली, अक्षरं.
बाराव्या पानावर संध्याकाळ गेली.

फ्लेक्स. सहा बाय चार.
चेहरा उजळला.
मागची माणसं काढली.
एक हात काढला.

शेवटची ओळ खोडली.
चहा करून आले.
पुन्हा लिहिली, त्याच मापात.

सोमवारी अकराला बोलावलंय.